आपल्या रानात हळद

बाबा, आपल्या रानात यंदा हळद आहे. हळद तशी दहा-बारा वर्षांपासून आहे. तुमच्यामागं आईनं ज्वारी मोडून हळद लावली ती लावलीच, आणि आता आजूबाजूची सगळी शिवारं हळदीनं भरली आहेत. पण यंदा आपली हळद कागदावर आहे. सातबाऱ्यावर, पिकाच्या रकान्यात, आपल्या गटासमोर तसं छापून आलंय. तुम्ही होतात तोवर आणि त्यानंतरही त्या रकान्यात एकच शब्द असायचा, ‘पड’. म्हणजे काही न पेरलेली, नुसती पडलेली जमीन. एवढंच सांगायला बसले होते, पण कुठलीही गोष्ट मुळापासून सांगायची खोड मला तुमच्याकडूनच लागली आहे, तेव्हा आता ऐका.

तुम्ही गावचे कोतवाल. तलाठीसाहेब येणार असले की आदल्या दिवशी हलगी घेऊन निघायचात, आणि तुमचा आवाज आधी वेशीत, मग मारुतीच्या पारापाशी, मग आपल्या वस्तीत यायचा. ‘ऐका हो ऐका, उद्याच्याला चावडीवर पीक पाहणी हाय, ज्यानं त्यानं आपापलं सांगावं होऽ.’ शाळेच्या खिडकीतून पोरं माझ्याकडे बघून हसायची आणि मी पाटीमागं तोंड लपवायचे. दुसऱ्या दिवशी साहेब लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे आणि एकेक गट विचारायचे. अर्धे लोक आलेलेच नसायचे. मग तुम्हीच सांगायचात, अमक्याची तूर, तमक्याचा कापूस, त्या बाईनं बांधाकडेला तीळ टाकलाय. सगळं शिवार तुम्हाला तोंडपाठ होतं. ओढ्यापलीकडच्या आपल्या सव्वा एकराची पाळी आली की साहेब मागच्या वर्षीचं बघून ‘पड’ लिहायचे आणि तुम्ही पुढच्या गटाचं सांगायला लागायचात. इतकी मोठी सरकारी पाहणी, आणि दिव्याखाली अंधार.

मी चौथीत होते त्या वर्षी तुमची भाकरी घेऊन चावडीवर आले होते. आपला नंबर आला, साहेबांनी लिहिलं, आणि मी मध्येच बोलले, ‘साहेब, आमच्यात ज्वारी हाये. कणसं आलीत.’ लोक हसले. साहेबही हसले, वाईट नाही हसले, पण लिहिलेलं खोडलं नाही. तुम्ही मात्र माझ्याकडे असं पाहिलंत की मला तिथंच रडू फुटलं. घरी येताना ओढ्यात पाय धुता धुता म्हणालात, ‘दुनियेची दवंडी देणाऱ्यानं सोताची दवंडी देऊ न्हाई. लोक म्हणतेन, कोतवालानं आपलं आधी करून घेतलं.’ मी विचारलं, ‘आधी काहून? शेवटाला तरी करा.’ तुम्ही तंबाखू मळायला घेतलीत.

त्याच आठवड्यात चावडीवर एक भानगड झाली. पाहणीच्या वहीत आपल्या गटासमोर ‘पड’वर काट मारून कुणीतरी वाकड्यातिकड्या अक्षरात ‘ज्वारी’ लिहून ठेवलं होतं. साहेबांनी विचारलं, ‘कोतवाल, हे कुणाचं अक्षर?’ तुम्ही म्हणालात, ‘माझंच जी.’ पगाराच्या कागदावर अंगठा लावणारे तुम्ही, साहेबांना काय कळलं नसेल? त्यांनी रबरानं ते पुसलं आणि तुम्हाला चार लोकांत बोलले. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. आणि पुढच्या बाजाराला सेनगावहून येताना माझ्यासाठी एक पेन्सिल आणलीत, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी, साहेबांच्या खिशात असायची तसलीच. ना सण, ना वाढदिवस. मी कशाला म्हणून विचारलं, तर म्हणालात, ‘असू दे. कामाला येईल.’

त्या ‘पड’नं पुढं तुमची वाट अडवलीच. आईला तेव्हापासूनच हळद लावायची होती आणि बेण्यासाठी तुम्ही बँकेत पीककर्ज मागायला गेलात. खुर्चीतल्या माणसानं कागद उलटासुलटा केला आणि म्हणाला, मामा, पड जमिनीला पीककर्ज कसं देणार? तुम्ही घरी येऊन त्याची नक्कल करून दाखवलीत, चष्मा नाकावर ओढून, आणि आम्ही पोट धरून हसलो. आई हसली नाही. तिनं ते गाठीला बांधून ठेवलं होतं, हे मला यंदा कळलं.

आता माझं सांगते. आम्ही दोघं नवरा-बायको माझं सासर, पुसेगाव सोडून आईजवळ राहायला आलो त्याला तीन वर्षं झाली. गाव तुमच्या जावयाला घरजावई म्हणून चिडवतं आणि ते ‘व्हय, हाये’ म्हणून पुढं चालू लागतात. यंदा मला गावात पीक पाहणीचं काम मिळालं. आता वही नाही, फोन आहे. ज्याचं त्यानं आपल्या शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि मुदतीच्या आत नोंद करायची. नोंद नसली तर विमा अडतो, नुकसानीची मदत अडते, विकायला गेलं तरी कागद मागतात. ज्यांचं राहिलं त्यांच्या शेतात जाऊन मी नोंद करायची, आणि माझ्या कामालाही शेवटची तारीख आहेच. म्हणजे बाबा, मी कोतवालही झाले आणि तलाठीही. तुम्ही असता तर आधी हसला असता, मग डोळे पुसले असते.

सुरुवातीला मी गावाच्या ग्रुपवर छान शुद्ध भाषेत निरोप टाकला. सर्व शेतकरी बांधवांना कळविण्यात येते वगैरे. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग एके दिवशी भिंतीवरची तुमची हलगी काढली, चुलीवर जरा शेकली, तीनदा वाजवली आणि फोनमध्ये तुमच्याच चालीत बोलले, ‘ऐका हो ऐका, पीक पाहणीचे चारच दिवस ऱ्हायलेत होऽ.’ पाच मिनिटांत गाव जागं झालं. तुमच्या जोडीचे ते म्हातारे पैलवान, त्यांच्या नातवानं आवाज मोठा करून लावला, तर ते धोतर सावरत दारात आले आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना बघत उभे राहिले. ‘कोतवाल कुठं गेला? आत्ताच तर इथं व्हता,’ म्हणाले. ज्या दवंडीची मला शाळेत लाज वाटायची, तिनं माझं काम निम्मं केलं.

उरलेल्या निम्म्यात मी तुमच्यासारखीच चुकले. पहिले दोन दिवस मी प्रत्येक शेताच्या बांधावर उभी राहून फोन धरायचे आणि फोन सांगायचा, तुम्ही शेताच्या बाहेर आहात. मला वाटलं फोनच बिघडला. शेवटी एका पाटलीणकाकूंनी सोयाबीनमधून डोकं वर काढलं. ‘काहून उभी ऱ्हायलीस गं बांधावर? आत ये ना.’ मी म्हटलं, ‘इथूनच होईल, काकू.’ ‘कसं होईल? तुझा बापबी तिथंच उभा ऱ्हायचा. ये आत, वाळूक खा.’ तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तुम्ही सगळी शिवारं बांधावरूनच पाहिलीत. कुणी बोलावल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही, ही आपल्या वस्तीची जुनी शिस्त, ती न शिकवताच माझ्या पायांत उतरली होती. मी आत गेले. फोननं लगेच जागा धरली. काकूंनी काकडीसारखं ते वाळूक कापून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. त्या दिवसापासून मी कुणाच्या बांधावर थांबले नाही, आणि किती बरं वाटतं म्हणून सांगू, पिकात उभं राहून पीक बघायला.

आणि तरीही आपला गट मी मागंच ठेवला होता. आधी केलं तर लोक बोलतील. शेवटच्या दिवशी दुपारी मी घरी पाणी प्यायला आले तर आई उंबऱ्यात बसलेली. ‘दुनियेचं झालं. आपलं कवा?’ मी म्हटलं, ‘होईल की.’ ‘तुझा बापबी हेच म्हणू म्हणू गेला,’ म्हणाली, आणि चप्पल घालून माझ्या पुढं चालायला लागली. ओढ्याला गुडघ्याएवढं पाणी होतं. तिनं लुगडं खोचलं, एका हातानं माझा खांदा धरला, दुसऱ्या हातात माझा फोन डोक्याच्या वर. हळद तिच्या छातीला लागत होती. मी मधोमध उभी राहिले, पानांचा फोटो काढला, यादीतून पीक निवडलं. मग फोनवरचं ते चाक फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. मुदत दिवस मावळेपर्यंतच, असं आईनं स्वतःच ठरवून टाकलं होतं, त्यामुळं ती एकदा सूर्याकडे आणि एकदा फोनकडे बघत होती.

‘चढलं का?’

‘चढून राहिलं.’

‘कवाचं चढून राहिलं ते? इकडं आण, मी हात लावते.’

तिनं खरंच हात लावला, देवाला लावतात तसा नाही, अडलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. आणि चाक थांबलं. नोंद झाली. ‘वाच,’ म्हणाली. मी वाचलं. ‘आणखी वाच.’ तीनदा वाचून घेतलं. ‘आन् पड?’ ‘गेलं.’ मग आई हळदीत उभी राहून मोठ्यानं हसली. तुम्ही बँकेची नक्कल केली होती त्या दिवसाचं हसू तिनं बहुतेक राखून ठेवलं होतं. आता नवा सातबारा हातात आल्यापासून तिचं एकच चाललंय, बँकेत जायचं. मी म्हटलं, ‘कर्ज कशाला हवंय तुला?’ तर म्हणते, ‘घ्यायचं न्हाई मला. नुसतं इचारायचं हाय, देता का म्हणून.’ ताकाला जाऊन भांडं लपवणारी ती नाहीच. सोमवारी नवीन लुगडं नेसून जाणार आहे आणि मला सोबत यावं लागणार आहे.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं? सातबाऱ्याची एक प्रत आणि हा कागद तुमच्या हलगीच्या पिशवीत ठेवते. पिशवीत ती लाल-निळी पेन्सिलही आहे, बोटभर उरलेली. एक सांगायचं राहून गेलं, बाबा. वहीतलं ते ‘ज्वारी’ मी लिहिलं होतं. साहेब चहाला गेले तेव्हा, वहीवर राहिलेल्या त्यांच्याच पेन्सिलीनं. तुम्ही माझ्यावाटची बोलणी खाल्लीत आणि मी लिंबामागं उभी राहून ऐकलं. ‘माझंच जी’ म्हणालात तेव्हा अक्षर माझं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, ते मला पेन्सिल हातात आल्यावरच समजायला हवं होतं. तेव्हा समजलं नाही. यंदा, हळदीत उभं राहून नोंद करताना समजलं.