तेरा सेकंदांच्या आत

प्रिय मिलिंदचे बाबा,

काल तुमचा पहिला स्मृतिदिन झाला. बुद्धवंदना झाल्यावर आपला मिलिंद चार शब्द बोलायला उभा राहिला. म्हणाला, "बाबांना शंभर मीटर तेरा सेकंदांच्या आत पळायचं होतं. शेवटपर्यंत जमलं न्हाई, पण त्यांनी सोडलं न्हाई." लोकांनी डोळे पुसले. मी मात्र खाली मान घालून बसले. का, ते तुम्हाला आधी सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे.

पण त्याआधी मला तुमच्यावर चिडू द्या.

शेहेचाळिसाव्या वर्षी कोण पळतं हो? साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा कारकून, डोक्यावर अर्धे केस, आणि पहाटे साडेपाचला चड्डी घालून यार्डात. लोक हटकायचे, "काय बे, मागं कुत्रं लागलं का?" तुम्ही हसायचात. मान खाली घालायची ती मी. कारण रेषेजवळ स्टॉपवॉच धरून मीच उभी असायचे.

लातूरच्या स्पर्धेत प्रौढ गटात तुम्ही तेरा पॉईंट दोनमध्ये आलात. तिसरा नंबर. घरी येऊन पेढे नाहीत, काही नाही. नुसतं, "आजून दोन पॉईंट, सुजाता." जेवताना तेच, झोपताना तेच. दोन पॉईंट म्हणजे किती? डोळ्याची पापणी लवते तेवढं. तेवढ्यासाठी माणसाने घर डोक्यावर घ्यावं?

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. ऊस उभा वाळला, आपल्या सहकारी कारखान्याचं गाळप सुरूच झालं नाही. काट्यावर एक गाडी येईना. तुम्ही हजेरी लावून बसायचात, आणि बैलगाड्यांचं रिकामं यार्ड पळायला मोकळं मिळालं म्हणून खूश व्हायचात. सगळा जिल्हा आभाळाकडे बघत होता, तुम्ही घड्याळाकडे.

गावात टँकर चार दिवसांनी यायचा. तुमची घामाची बनियन रोज धुवायची, आणि वर तुमची आंघोळ. एक बादली पाण्यात मी घर कसं चालवत होते, कधी विचारलंत?

एके दिवशी टँकर सकाळीच आला. तुमच्या पळण्यावरून आपण परत येईपर्यंत रांग संपत आली होती. मला दोन हंडे मिळाले. चार दिवसांना दोन हंडे. तुम्ही म्हणालात, "भागल की." एवढंच. त्या "भागल की"ने माझ्या डोक्यात तिडीक गेली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही रेषा ओलांडलीत. मी मनात 'एक' म्हटलं आणि मग बटण दाबलं.

तेरा पॉईंट आठ. तुम्ही घड्याळ हातात घेऊन बघत राहिलात. "लई हळू झालं का गं?" मी म्हटलं, "वय झालं आता."

मला वाटलं, चार दिवस रुसाल, मग पळणं सोडाल, टँकरला माझ्याबरोबर उभे राहाल. पण तुम्ही कुठे सोडणारे? तुम्ही संध्याकाळीही पळायला लागलात. आणि मी रोज मनात 'एक' म्हणत राहिले. दोन महिने. पुन्हा लातूरला स्पर्धा होती, तर गेला नाहीत. "चौदाच्या घरात आलो, तिथं जाऊन काय हसं करून घिऊ?" तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं.

एका पहाटे मी तसंच उशिरा बटण दाबलं, तरी घड्याळात तेरा पॉईंट चार. मी आकड्याकडे बघतच राहिले. माझा 'एक' वजा केला तर तुम्ही तेराच्या आत आला होतात. तुम्ही गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत विचारलंत, "किती?" मी सांगितलं, "तेरा चार." तुम्ही म्हणालात, "येतंय, हळूहळू येतंय." त्या दिवशी मी तुमच्या आधी घरी निघून आले.

तिथून नवव्या दिवशी काट्याच्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही गेलात.

तुमच्या शेजारच्या खुर्चीवरचे शेखभाई महिन्याने घरी आले. दारातच म्हणाले, "भाभी, त्याच्या छातीत पंधरा दिस दुखत हुतं. म्या म्हणलो, अंबाजोगाईला दाखवून ये. तर म्हणला, सुजाताला सांगू नगस, पळणं बंद करंल."

अहो, केलंच असतं बंद! हात धरून दवाखान्यात नेलं असतं. तुम्ही लपवलंत म्हणून मी चिडावं, तर कोणत्या तोंडाने?

काल लोक गेल्यावर मी मिलिंदला सगळं सांगितलं.

"म्हणजे बाबा तेराच्या आत आले होते?"

"आले असतील."

"असतील म्हंजे? आले का न्हाई?"

"मला नक्की न्हाई सांगता येणार. बरोबर वेळ कुणी घेतलीच न्हाई."

तो उठून बाहेर गेला. आत आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, "तुमी दोघंबी सारखेच. एकमेकांपासून लपवता, अन् वर म्हणता संसार केला." मग त्याने माझ्यासाठी चहा केला. साखर घालायला विसरला. मी तसाच प्याले.

तुम्ही माफ कराल की नाही, मला ठाऊक नाही. नुसतं हसून "भागल की" म्हणू नका, एवढं करा.

दोन महिने झाले, कामाला जाताना अंगणवाडीची पायरी चढली की मला दम लागतो. कुणाला बोलले नाही. सोमवारी अंबाजोगाईला जाऊन दाखवून येईन, आणि डॉक्टर जे सांगतील ते त्याच दिवशी मिलिंदला सांगेन. चांगलं असो, वाईट असो, जसंच्या तसं. हे वचन.

तुमच्यावर अजून चिडलेली,
सुजाता