एका हाकेला दोन ओ

सातारा,
२० सप्टेंबर १९७८

ती. आक्का,

तुझ्या कमलश्रीचा पाया पडून नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. दशलक्षणाचे उपवास झेपले का? गुडघा काय म्हणतोय?

क्षमावणीचं माझं कार्ड मिळालं असेल. नेहमीचंच, छापील. ‘कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी’, आणि खाली माझी सही. सात वर्षं मी तुला, माझ्या सख्ख्या मामीला, तेवढंच पाठवते आहे. यंदा कार्ड पेटीत टाकलं आणि पोस्टाच्या पायरीवरच उभी राहिले. मागं एक बाई म्हणाल्या, “टाकलंसा न्हवं? मग सरका की.” तशी सरकले.

इथं आठ दिवस धुकं आहे. सकाळी अजिंक्यतारा नसतोच. अकराच्या सुमाराला कोणीतरी आणून ठेवल्यासारखा हळूच दिसायला लागतो. मला हे दिवस आवडतात. चालताना आपले पाय आपलेच वाटत नाहीत.

मी इथं नेमकं करते काय, ते तू मागं विचारलं होतंस. तुझ्या गुणमालाची सासू म्हणते ना, आक्काताईंची भाची औषधाच्या दुकानात आहे. म्हणू दे. पण तुला सांगते. आपल्या अंगातल्या बारक्या बारक्या पेशींना कान असतात. पुस्तकात त्याला ‘ग्राही’ म्हणतात, पण कान हा केरबांचा शब्द मला जास्त पटतो. केरबा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस. फौजेतून आलेले, मोठ्या मिशांचे, आणि मनानं तुझ्यासारखेच मऊ.

माणूस घाबरला, धावला की अंगात एक रस सुटतो. ती हाकच असते. आता आपली गल्ली आठव. रस्त्यावरून कोणी ‘आक्का’ म्हणून हाक मारली की तू ओ द्यायचीस, आणि समोरच्या चौगुल्यांची आक्काही द्यायची. हाक एक, ओ दोन. अंगातही तसंच आहे. त्या हाकेला हृदय ओ देतं आणि जोरात धावायला लागतं. श्वासनळीही ओ देते, पण ती सैल होते, वारा आत घेते. धडधड थांबवणारी एक जुनी गोळी आहे. ती दोघांचेही कान बंद करते. चांगल्या छातीच्या माणसाचं त्यानं फारसं अडत नाही. पण ज्याची नळी मुळातच आवळते, त्याला ती हाक ऐकू यायलाच हवी. आम्ही शोधतोय ती गोळी अशी, की जिनं हृदय तेवढं शांत व्हावं आणि श्वासनळीला ऐकू येत राहावं.

त्यासाठी काचेच्या नळकांड्यात कोमट खारं पाणी असतं आणि त्यात श्वासनळीची एक कडी दोऱ्यानं टांगलेली, अंगठीपेक्षाही लहान. दोऱ्याला काडी जोडलेली, आणि काडीचं टोक काजळी धरलेल्या कागदावर टेकलेलं. कागद हळूहळू फिरतो. कडी आवळली की रेघ वर जाते, सैलावली की खाली येते. काळ्यावर पांढरी रेघ. तासन्‌तास बघत बसावं अशी. शेजारच्या भांड्यात हृदयाचा तुकडा एकटाच धडधडत असतो. केरबा म्हणतात, “बाई, ही मेल्याव बी ऐकतीया बगा.”

होय आक्का, ती कडी कुठल्यातरी जिवाची असते. गिनीपिगाची. घुशीएवढा, गरीब डोळ्यांचा प्राणी. तू विचारलं नाहीस म्हणून मी सांगितलं नाही. पाणी गाळून पिणाऱ्या घरात मी वाढले आणि करते हे. दर वेळी णमोकार म्हणते. त्यानं माझं पाप किती कमी होतं मला माहीत नाही, पण न म्हणता माझा हात चालत नाही.

रेघ बघता बघता मला नेमूमामा दिसतात. गुळाच्या ढेपेला टेकून बसलेले, हळकुंड मोडून आतला रंग बघणारे. माझ्याकडं न बघता म्हणतात, “कमू, हा माल लय चांगला हाय.” मग धुकं येतं आणि ते जातात. पूर्वी मी भ्यायचे. आता वाट बघते.

बघ, मी इकडचं तिकडचं लिहीत बसले. सोमवारी विट्याहून गुणमालाचं पत्र आलं. तिला छातीत धडधड होते, डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आहे, गावात मिळत नाही म्हणून माझ्याकडं मागवली. चिठ्ठीतलं नाव वाचलं आणि मी उठून तारऑफिसात गेले. ‘गोळी घेऊ नको. पत्र मागून.’ एवढीच तार केली. ती आता तुला विचारणार, का म्हणून. तिनं विचारायच्या आधी तुला माझ्याकडून कळायला हवं.

ती तीच गोळी आहे, आक्का. मामांना मी दिलेली.

एकाहत्तर साली मी सुट्टीला आले, त्याच दिवशी गुणमालाला बघायला विट्याचे पाहुणे येणार होते. मामांची छाती धडधडत होती, हात कापत होते. मी नुकतीच शिकलेली, पर्समध्ये नव्या औषधाची बाटली, आणि अंगात केवढा तोरा. मामांना म्हटलं, ही घ्या, पाहुण्यांसमोर हात हलणार नाही. नाही हलला. पाहुणे गेल्यावर तू त्यांना हळदीच्या गोदामात पाठवलंस, आणि ते परत आले ते धापा टाकतच. डॉक्टर आले, त्यांनी सुई टोचली. ती सुई म्हणजे ती हाकच होती, आक्का. श्वासनळीला मारलेली हाक. पण कान मी बंद करून ठेवले होते. दिवेलागणीच्या आत मामा गेले. सुई लागू का पडली नाही म्हणून डॉक्टर कोड्यात पडले होते. मला त्याच क्षणी कळलं होतं. मी बाटली परसात पुरली आणि तुझ्या शेजारी येऊन रडत बसले.

मामांना दमा होता. पावसाळ्यात तू त्यांची छाती शेकायचीस, हे मी लहानपणापासून बघत होते. पण तो शब्द आपल्या घरात कोणी उच्चारत नव्हतं. पोरीचं लग्न व्हायचंय, बापाला दमा म्हटलं की स्थळ उठून जाईल. धाप म्हणायचं, सर्दी म्हणायचं. मला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. शिकलेली मी होते, चूक माझीच.

सगळ्यांनी म्हटलं, हळदीची धूळ छातीत गेली. तुला वाटतं तू गोदामात पाठवलंस म्हणून. सात वर्षं तुझ्या आमटीत हळद नाही, सांगलीत राहून, हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरात. पांढरी आमटी मी दर दिवाळीला खाते आणि गप्प बसते. मामा तीस वर्षं त्याच धुळीत होते. धुळीनं त्यांना मारलं नाही.

पत्र वाचलंस की विट्याला जा. गुणमालालाही बापासारखीच धाप लागते, आणि तिच्या डॉक्टरांना ते ठाऊक नाही. आमचा नवा नमुना बरा निघतोय, पण तोही अजून पुरता भरवशाचा नाही, जास्त दिला तर दोन्ही कान झाकतो. गोळी होईल तेव्हा होईल. तोवर ‘दमा’ हा एक शब्दच तिला वाचवेल. तिच्या सासूसमोर, डॉक्टरांसमोर तो म्हण. मी सांगितलं तर ती मानणार नाही, तुझं मानेल.

मग मला घरात घ्यायचं की नाही ते तू ठरव. तू म्हणशील ते मला मान्य आहे.

तुझी भाची म्हणवून घ्यायला आज हात अडतो, तरी तुझीच,
कमलश्री


सांगली,
२९ सप्टेंबर १९७८

चि. कमूस आशीर्वाद.

मला लिवायला येळ लागतो, अक्षराला हसू नगंस. तुजं पत्र आलं त्याच दिवशी यश्टीनं विट्याला गेलो. गुणमालानं गोळी घेतली न्हवती, तार पोचली व्हती. तिची सासू भाकरी थापत व्हती. मी उभ्या उभ्याच म्हनलं, हिला दमा हाय, हिच्या बापाला बी व्हता, आमी लपवून ठेवलं. बाई भाकरी उलटून म्हनली, “आवं आक्काताई, चार वर्सं हिची छाती मीच शेकतोय. तुमालाच ठावं न्हाई असं वाटलं, तुमच्या जिवाला घोर नगं म्हनून बोललो न्हाई.” मग तिघी मिळून डॉक्टरकडं गेलो. त्यानं चिठ्ठी फाडली.

पोरगी वाचली. आता तुज्या पत्राचं.

मी ते तीनदा वाचलं. जनावराचं वाचून वाईट वाटलं, ते तुजं तू बघ. बाकी सगळं खरं लिवलंस, एक सोडून. तू लिवतीस, दम्याचं तू इचारलं न्हाईस.

पावनं सोप्यात बसलं व्हतं. मी च्या गाळत व्हतो. तू बाटली घिऊन चुलीपाशी आलीस आन म्हनलीस, “आक्का, मामांना धाप लागते तो दमा नाही ना? दमा असला तर ही गोळी चालत नाही.” मी सोप्याकडं बगितलं आन म्हनलं, न्हाई, सर्दी हाय. तू पुन्यांदा म्हनलीस, नक्की? मी म्हनलं, हळू बोल, न्हाई म्हनलं न्हवं.

धुळीसाठी हळद सोडली न्हाई मी. त्या न्हाईसाठी सोडली.

सात वर्सं वाट बगितली, कवा ही पोरगी मला जाब इचारंल. आन तू पत्रात ते गाळलंस. माज्यावर पांघरूण घातलंस. ते मला नगं. दिवाळीला ये. गुणमालाला बी बलावतो, तिच्याफुडं दोगी मिळून सांगू.

तू इचारलं व्हतंस, कमू. दोनदा इचारलं व्हतंस.

तुजी,
आक्का