रिकामा ठेवलेला कॅच

सर, तुमची आठवण आली की आधी खडूनं पांढरी झालेली बाही दिसते. वर्ध्याच्या तुमच्या घराची पुढची खोली, तीन कॉम्प्युटर, आणि लाइट गेली की फळ्यावरच जावा लँग्वेजचे प्रोग्राम. आतून काकूंच्या पोह्यांच्या फोडणीचा वास येतो आहे, माझं लक्ष तिकडेच, आणि तुम्ही माझ्या वहीवर बोट ठेवता. प्रोग्रामात ट्राय, त्याखाली कॅच, आणि कॅचच्या दोन कंसांत काहीच नाही.

"काऊन बे, हे काय करून राह्यला?"

"सर, एरर येत होती. आता येत नाई."

"येत नाई, का दिसत नाई?" म्हणत तुम्ही सगळ्यांसमोर वही माझ्या अंगावर फेकली. "बिघडलं तर काय करायचं, ते लिहायची ही जागा हाये, अन् तू कोरी ठेवली! निस्तरता येत असंल तरच चूक पकडजो. नाई तर वर जाऊ दे तिले, वरच्याले कळू दे. दाबून टाकू नको." मी रुसलो, दोन दिवस आलो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच स्कूटर घेऊन दारात.

पुढं तुमच्याच शब्दावर हिंगणघाटच्या एका लॅबचं काम मला मिळालं. मशीन रक्त तपासणार, आकडा तारेतून माझ्या प्रोग्रामात येणार, रिपोर्ट छापला जाणार. तार सैल झाली की पडद्यावर लाल चौकोन येई. मालक वैतागले. "पेशंट पाह्यते अन् म्हणते, मशीन बिघडली. बंद कर ना भाऊ हे." मी दहा मिनिटांत बंद केलं. कसं, ते तुम्हाला सांगायला नको. लाल चौकोन गेला, मालकांनी मला चहा पाजला. आकडा आला नाही की माझा प्रोग्राम आता गप्प बसायचा, आणि आधीच्या पेशंटचा आकडा पुढच्याच्या कागदावर तसाच उतरायचा. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. शहाणा ना मी!

मग तुमचे पाय सुजले. वर्ध्यात काय लॅबा नव्हत्या, सर? पण तुम्ही एसटीनं हिंगणघाटला आलात, का, तर "तिथं माझ्या पोराचा प्रोग्राम हाये." रिपोर्ट मीच तुमच्या हातात दिला. किडनी ठीक. तुम्ही माझी पाठ थोपटली. डॉक्टरांनी तो कागद पाहून थकव्याच्या गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी तुम्हाला बेशुद्ध दवाखान्यात नेलं तेव्हा दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. वेळेत कळलं असतं तर वाचले असते, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

तुम्हाला पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी लॅबमधली जुनी नोंद उघडली. तुमचा आकडा आणि तुमच्या आधीच्या बाईंचा आकडा एकच होता, दशांशासकट. कॅचमध्ये लिहायचं ते लिहिलं, म्हणजे आकडा नाही आला तर रिपोर्ट छापूच नये. तेव्हाही दहाच मिनिटं लागली. मालकांना म्हणालो, थोडं सुधारलं आहे. आणखी कोणाकोणाचे आकडे असे उतरले असतील, ते शोधायची छाती झाली नाही. आजही नाही.

तेराव्याला काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "रिपोर्ट तं चांगला होता नं रे?" मी म्हणालो, "हो काकू. मशीन कधी चुकत नाई." आणि त्यांनी वाढलेलं जेवलो.

काकू अजून त्याच घरात राहतात. तुम्हाला लिहिलेला हा कागद त्यांना नेऊन द्यायला मला अर्धा तासही लागणार नाही. दर दिवाळीला मी जातो, पाया पडतो. त्या शेजारणीला हाक मारून सांगतात, "हा ह्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी." आणि सर, मी त्यांना तसं म्हणू देतो.