एमिल ह्रुस्काचे पांढरे कपाळ आणि माझी इतर मालमत्ता

मी, मॅरिट लिंडक्विस्ट, वय सेहेचाळीस, धंदा फोटोग्राफी, राहणार मेरिडियन फोर्क, नेब्रास्का, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टर सांगतात. डाव्या डोळ्यामागे गाठ आहे, ती काढायला येत्या गुरुवारी ओमाहाला जायचे आहे. अशा कागदात 'मन स्थिर असताना' असे लिहायची रीत आहे. ते मी लिहिणार नाही. सकाळपासून सारखी उठून खिडकीशी जाते आहे. ढग पातळ आहेत. चेहऱ्यांचे फोटो काढायला चांगला दिवस होता.

१. घर, मागची शेड आणि आजवर काढलेले सगळे मूळ फोटो ही तिन्ही एकाच ठिकाणी जावीत. माझी धाकटी बहीण आणि धंद्यातली भागीदार ग्रेटा हिच्याकडे, की मूळ फोटोंना हात न लावता कुलपात ठेवणाऱ्या काउंटीच्या संग्रहालयाकडे, हे अजून ठरत नाही. खाली जागा सोडते.

२. बचतीतून अंत्यविधीचा खर्च भागवून उरेल ते शाळेला द्यावे. शाळा सोडताना काढतात तो बारावीचा फोटो ज्या मुलांना परवडत नाही, त्यांचेही फोटो त्यातून निघावेत. ट्रॅक्टरसोबत, कुत्र्यासोबत, ज्याला जसा हवा तसा.

३. कॅमेरे आणि लेन्स शाळेच्या फोटो क्लबला. सोबत पांढरा थर्माकोलचा तक्ताही द्यावा. तो कचरा नाही. ऊन पाठीवर घेऊन माणूस उभा केला की चेहरा काळवंडतो, तेव्हा हा तक्ता छातीच्या उंचीवर समोर धरायचा, म्हणजे डोळ्यांत जीव येतो. मुलांना एवढे सांगावे: आधी मागे काय आहे ते बघा, चेहरा नंतर. धान्याच्या सायलोचा उंच मनोरा कोणाच्या डोक्यातून उगवता कामा नये आणि क्षितिजाची रेघ मानेवरून जाऊ नये, गळा कापल्यासारखा दिसतो.

४. पूर्वीचे यजमान डेल यांना काहीही देऊ नये. हे विसरून राहिलेले नाही. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला ते म्हणाले होते, "तू माझ्याकडे बघतेस ते उजेड कुठून येतो हे पाहायला." ते खरे होते का, याचा मी अजून विचार करते. तरीही काही देऊ नये.

५. आता मूळ फोटोंबद्दल, म्हणजे भांडणाबद्दल.

ग्रेटाने नवा प्रोग्राम घेतला आहे. तो शेकडो चेहरे एका दमात गुळगुळीत करतो आणि आकाशही बदलतो. जुने सगळे फोटो त्यातून काढून गावाला पुन्हा विकायचे तिच्या मनात आहे.

गेल्या शरद ऋतूत एमिल आणि लुडमिला ह्रुस्का यांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली. मी त्यांना शेडच्या उत्तरेकडच्या दारात, उंबऱ्याच्या जरा आत उभे केले. तिथे ऊन थेट येत नाही, अंगणाचा उजेड तेवढा मऊपणे चेहऱ्यावर पडतो. लुडमिलाबाईंनी नवऱ्याला टोपी काढायला लावली. भुवयांखाली चेहरा विटेसारखा तांबडा, वर कपाळ पिठासारखे पांढरे. टोपी घालून शेतावर जन्म गेलेल्या माणसाचे असतेच. ग्रेटाने संगणकावर ते कपाळ चेहऱ्याच्या रंगाचे केले.

दुसऱ्या दिवशी लुडमिलाबाई एका हातात फोटो आणि दुसऱ्या हातात कोलाचेंचा, म्हणजे जाम भरलेल्या गोड पावांचा, डबा घेऊन आल्या.

"हा कोण?"

"तुमचे यजमान," ग्रेटा म्हणाली.

"मग ह्याचं कपाळ कुठं गेलं?"

"लुडी, असू दे की," मागून एमिल म्हणाले. "जरा तरणा दिसतोय."

"तू गप्प बस आणि टोपी घाल." मग त्या आमच्याकडे वळल्या. "गावाला ह्याची टोपी दिसते. हे कपाळ पन्नास वर्षं माझ्यासमोर जेवायला बसतंय. ते माझं आहे. परत द्या."

आम्ही ते परत दिले. कोलाचे खाता खाता ग्रेटा मला म्हणाली, "तू फार साळसूद आहेस ना? भर दुपारी कधी कोणाचा फोटो काढलायस? संध्याकाळच्या उन्हात सगळेच भले दिसतात. तू उन्हाने करतेस, तेच मी माउसने करते."

तेव्हापासून हे मनातून जात नाही. माझा हट्ट प्रामाणिकपणाचा आहे की नुसता हट्ट? वाट पाहून, निवडून काढलेला उजेड हीसुद्धा रंगरंगोटीच नाही का? दोन्ही बाजूंनी उत्तरे लिहिली आणि दोन्ही खोडली.

६. चर्चमध्ये आणि वर्तमानपत्रात माझा फोटो लागेल. तसा एकही नव्हता. हे मी ग्रेटाला बोलले, तर ती म्हणाली, "ऊठ. दारात उभी राहा. गुरुवारी अर्धं डोकं भादरतील तुझं."

दुपारपर्यंत ढग सरून ऊन कडक झाले होते. ती लगेच बटण दाबेल असे मला वाटले. ती कॅमेरा खाली धरून थांबली.

"आता कशाची वाट बघतेस?"

"ढगाची. हलू नकोस, बाई. कधी नव्हे ते जरा गप्प राहा."

ढग आला. तिने माझी टोपी काढून खुर्चीवर टाकली. कपाळ माझेही पांढरेच आहे.

मग ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली. फोटोत माझी डावी पापणी खाली आलेली होती. गाठीमुळे मार्चपासून ती तशीच आहे. एक रेघ ओढली की वर गेली असती. ग्रेटाने माउसचा बाण त्या पापणीवर नेला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

"नको," ती म्हणाली. "मार्चपासून हीच माझ्यासमोर कॉफी पितेय."

मग तिने गळ्यावरचा डास चावल्याचा डाग पुसला.

"तो का पुसलास?"

"तो शनिवारपर्यंत जाणारच आहे. जे राहणार आहे त्याला मी हात लावला का?"

शनिवार गुरुवारनंतर येतो.

हाच फोटो लावावा.

७. कलम १ मध्ये सोडलेली जागा आता भरते. घर, शेड आणि सर्व मूळ फोटो ग्रेटा लिंडक्विस्ट हिला द्यावेत. 'कोणताही चेहरा बदलू नये' अशी अट मी लिहिली होती, ती खोडली आहे. ती परत लिहायची नाही.

साक्षीदार म्हणून सही करायला ग्रेटा पेन घेऊनच बसली होती.

"तू नाही," मी म्हटले.

"का? माझ्या अक्षराची लाज वाटते?"

"ज्याला काही मिळायचं आहे त्यानं सही करू नये, असं वकील म्हणाला."

तिने पेनाला टोपण लावले, उठली आणि ह्रुस्कांना फोन केला.

हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. गुरुवारनंतर बदलायची संधी मिळाली, तर बहुतेक बदलेन. मला ओळखणाऱ्या कोणालाही त्याचे नवल वाटू नये.

सही: मॅरिट लिंडक्विस्ट

आम्हा दोघांच्या देखत सही झाली:
लुडमिला ह्रुस्का
एमिल ह्रुस्का (बायकोने सांगण्याआधीच टोपी काढून)

मेरिडियन फोर्क, नेब्रास्का
१९ ऑगस्ट २०२४