उरलेले गॅमा किरण

२८ जुलै
जमलं! ज्ञात स्रोत वजा केले तरी आकाशाच्या काळ्या जागेतून मंद गॅमा किरण येतच राहतात. ते कुठून, हेच सहा वर्षं उकरतेय. आज बेरीज बरोब्बर बसली. सगळं ब्लेझरांचं! दूरच्या दीर्घिका, झोत नेमका आपल्याकडे रोखलेला.
पीएच.डी.च्या सरांचा फोन. "शनिवारी सेमिनारला हेच बोल. परदेशातले लोक ऐकणार आहेत." पोस्टडॉकचं, तिकडच्या संशोधनाच्या नोकरीचं, त्यावरच ठरणार.
लेकीचं जमलं म्हणून अप्पांनी पेढे आणले. पुडा शनिवारनंतर फोडू म्हटलं.

३० जुलै
चैन नाही. इतकी गोड बेरीज मला पचत नाही. कॉलेजात एकच समीकरण फळ्यावर दोनदा लिहिलं, पोरं हसली. घरी येताना चिखलीच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास. डोक्यात तेच.

३१ जुलै
अप्पा फर्स्ट शिफ्ट करून आले. निघोज्याच्या कंपनीत कास्टिंग, लोखंडाचे ओतीव भाग, तपासतात. बोटं हिरवी. मी चिडवलं, "नेलपॉलिश का अप्पा?"
"अगं, तपासलेल्या पीसला हिरवा ठिपका द्यायचा. न्हाईतर त्योच फिरून टेबलावर येतो, दोनदा मोजला जातो. आकडा मातर झक्कास बसतो."
तशीच उठले.
लॅपटॉप उघडला. मोजलेला गॅमा उजेड कोणता? ज्ञात स्रोत काढून उरलेला. आणि तो भरायला मी घेतले कोणते ब्लेझर? सगळे. आधीच काढून टाकलेले ठळकसुद्धा. मूर्ख! ठिपकाच दिला नव्हता.

१ ऑगस्ट
दुरुस्त करून तीनदा चालवलं. मोठा हिस्सा बेवारस. तारे जन्मणाऱ्या दीर्घिकांचा असेल, किंवा... माहीत नाही.
गप्प बसले तर उद्या कुणाच्या लक्षात येणार नाही. निदान पोस्टडॉक हातात पडेपर्यंत. हा विचार मी केला. लाज वाटली, तरी केला.
अप्पांना विचारलं, माल गेल्यावर चूक कळली तर?
"फोन करायचा." मग नखातला हिरवा रंग कोरत म्हणाले, "एकदा न्हाई केला मी. त्या गिऱ्हाइकाचा मानूस आला की आजबी मी मागच्या दारानं जातो."
पाच वाजता सरांना मेल. तीन ओळी. पाठवला आणि लॅपटॉप मिटला.

२ ऑगस्ट, शनिवार, १०.४०
सेमिनार हॉलबाहेर, पायरीवर. मेलला उत्तर नाही. सर आत्ताच आत गेले, माझ्याकडे बघितलंही नाही. शेवटची स्लाइड बदललीय. 'सगळं ब्लेझरांचं' होतं तिथे आता प्रश्नचिन्ह. बोलायला उभं तरी राहू देतील का? भीती वाटतेय, खूप.
अप्पांचा फोन. "पेढं खराब व्हतील गं. शेजारी वाटू का?"
वाटा म्हटलं.
"कशाचं म्हून सांगू?"
आतून माझं नाव पुकारलं.