सोन्याचं चुंबकत्व

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुमचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. शोकसभेत मी उभी राहून तुम्हाला ऋषितुल्य म्हणाले होते. कसले ऋषी! कौतुक केलं की फुलून जायचात आणि कुणी प्रश्न विचारला की अंगावर यायचात.

अंधेरीची आपली लॅब आठवते. काचेच्या तुकड्यावर सोन्याचा थर, आरपार दिसेल इतका पातळ, आणि त्यावर चिकटवलेले रेणू. सोनं चुंबक होत नाही हे शाळेतलं पोरही सांगेल. पण हे रेणू चिकटले की होतं, हा तुमचा थोर शोध. चुंबकत्व मोजायच्या यंत्रात इवलासा सिग्नल दिसला आणि तुम्ही मजलाभर पेढे वाटलेत. पेपर छापून आला, फ्रेम होऊन केबिनमध्ये लागला. त्यावर दुसरं नाव माझं, कारण तुकडे धुणं, सुकवणं, चिमट्याने उचलून यंत्रात ठेवणं, सगळं मीच करायचे. तुम्ही यंत्राला हातसुद्धा लावत नव्हतात.

मग एक दिवस स्टीलचा चिमटा मोडला, म्हणून मी प्लास्टिकचा घेतला. सिग्नल गायब. नवा तुकडा केला, तरी गायब. शेवटी दुसऱ्या स्टीलच्या चिमट्याने नुसती कोरी काच धरली, सोनं नाही, रेणू नाहीत, आणि सिग्नल हजर! काचेच्या कडेला घासून लागलेलं लोखंड मोजत होतो आपण, सर. मी धावत केबिनमध्ये येते. तुम्ही भातावर सोलकढी ओतताय. "काय गो, आग लागली की काय?" मी सांगते. तुम्ही सगळं ऐकून घेता, एक घास खाता आणि म्हणता, "तू हात चालव. डोकं चालवायला मी आहे." मग पुढचा घास कालवत, "पीएचडी हवीय ना तुला?"

हवी होती. मुलुंडच्या आमच्या चाळीत कुणी कधी केली नव्हती, आई सगळ्यांना सांगत सुटली होती. मी तोंड शिवून बसले. तुम्ही खूश होऊन असं शिफारसपत्र दिलंत की कॉलेजात नोकरी लगेच मिळाली. एवढी हलकी लाच, आणि मला ती पुरली.

आता घाटकोपरची एक मुलगी माझ्याकडे पीएचडी करतेय. विषय तोच, तुमचं सोनं. मीच दिला, कारण त्या पेपरच्या नावावर प्रोजेक्ट पटकन मंजूर होतो. ती पहिल्या दिवसापासून प्लास्टिकचा चिमटा वापरते, हल्ली सगळेच वापरतात. तीन वर्षं झाली, तिला सिग्नल मिळत नाही. काल समोर येऊन रडली. "मॅडम, माझी वाट लागली. माझ्याच हातात खोट आहे. सोडून देऊ का सगळं? तुम्हाला त्या वेळी कधी शंका नाही ना आली?"

"नाही गं," मी म्हणाले. "आमचं काम चोख होतं. तू अजून नीट कर."

तिने डोळे पुसले, मला सॉरी म्हणाली आणि पुन्हा तुकडे धुवायला गेली. हे सगळं तिला सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसलेय.