शिसवी घोडी आणि ‘हंगाम पहिला’

मी, भरतेश तात्यासाहेब मगदूम, वय ४६, कनिष्ठ महाविद्यालयात भूगोलाचा शिक्षक, राहणार विश्रामबाग, सांगली, हे स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. शेजारी बसून कोणी सांगितलेले नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हृदयाची एक झडप शाबूत नाही. ती येत्या शुक्रवारी मिरजेत बदलणार आहेत. भीती वाटते. भीतीपोटी केलेले मृत्युपत्र टिकते का, असे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, “सर, दुसऱ्या कशापोटी करतंय कोण?”

१. राहते घर व बँकेत जे असेल ते पत्नी सौ. कीर्ती हिचे. आई श्रीमती चंदनबाला हयात असेपर्यंत पुढची खोली आईची. तिथला देव्हारा कोणाच्याही सोयीसाठी हलवू नये.

२. माझ्या चोवीस वर्षांच्या रोजनिश्या कीर्तीकडे. वाचायच्या की नाहीत, ते तिने ठरवावे. २०१७ ची मात्र वाचावी. तिच्यात मी खरे अर्धेच लिहिले आहे. उरलेले कलम ४ मध्ये आहे.

३. ‘गाळप बंद’ हा आमचा पंक रॉक बँड. पंक म्हणजे काय, हे आईला मी “रागानं आणि जोरात” असे सांगितले होते. गाणारा पृथ्वीराज, कोरेगावचा. ड्रमवर त्याचा मावसभाऊ धनाजी. बास गिटारवर मी. ‘हंगाम पहिला’ ही आमची पहिली आणि एकुलती तबकडी. २०१७ च्या चातुर्मासात, लग्नाचे मुहूर्त नसताना, साताऱ्यात पृथ्वीराजच्या वडिलांच्या रिकाम्या मंगल कार्यालयात ती ध्वनिमुद्रित केली. माझ्याकडच्या प्रतींपैकी एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावी, बाकी कीर्तीने ठेवाव्यात. धनाजीने त्याच्या प्रतीच्या मधल्या भोकात घड्याळाचे काटे बसवून ती भिंतीला लावली आहे. ती परत मागू नये. त्याला माफही केलेले नाही.

४. आता बास गिटार. ध्वनिमुद्रणाच्या चार दिवस आधी तिची घोडी, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात ती, तुटली. मी ती मिरजेत दस्तगीर मिस्त्रींच्या सतार-तंबोऱ्याच्या दुकानी नेली. मिस्त्री बघून म्हणाले, “ह्याला भोपळा कुठं हाय?” आणि त्यांनी ती मुलीकडे, शाहीनकडे, सरकवली. तिने हाडाची पट्टी काढली. मी म्हणालो, हाड नको, आई घरात घेणार नाही. ती म्हणाली, “मग शिसवीची करते. पण लाकडाची जवारी निराळी बोलंल हां, दादा.”

जवारी म्हणजे घोडीचा माथा कानसीने असा घासायचा की तार त्याला जेमतेम चाटत राहते आणि गुंजते. तंबोरा त्यामुळेच बोलतो. शाहीनने दीड दिवस घासले, प्रत्येक तारेखाली सुताचा धागा सरकवला, आणि माझ्या बासमधून जी गुरगुर निघाली ती कुठल्याच बासमधून निघत नाही. तबकडीची जी कीर्ती झाली ती या गुरगुरीची.

वेष्टनावर नाव घालू का, असे मी मिस्त्रींना विचारले होते. ते म्हणाले, “माझं नको, गवई हसतील. तिचं तर नकोच. जवारीवर पोरीचा हात लागतो कळलं, तर हायेत ती गिऱ्हाइकं तुटतील.” त्यांनी नाव नको म्हटले, हे खरे. पण त्या रिकाम्या जागी ‘ध्वनिरचना : भरतेश मगदूम’ असे छापा, असे त्यांनी म्हटले नव्हते. ते मी केले. नंतर एका मासिकाने ती गुरगुर कशी सुचली, असे विचारले, आणि मी सुचल्याचे सांगितले.

मिस्त्री २०२१ मध्ये गेले. शाहीन आता एकटीच दुकान चालवते. गवई सतार आणतात, जवारी कोण काढणार विचारतात, ती “मीच” म्हणते, आणि ते वाद्य पुन्हा गवसणीत घालतात. वडील गेल्यावर पुढच्याच वर्षी ती माझ्याकडे आली होती. “दादा, आता घाला की माझं नाव. गिऱ्हाइकाला दाखवायला हातात कायतरी पायजे.” मी म्हणालो, पुढच्या आवृत्तीत नक्की.

पुढची आवृत्ती आता निघते आहे. बेंगळुरूची एक कंपनी काढते आहे. वेष्टन शनिवारी छपाईला जाईल. गेल्या आठवड्यात मजकूर तपासायला आला. त्यावर माझेच नाव होते. मी ‘ठीक’ लिहून परत पाठवला.

सबब माझ्या मृत्यूनंतर ध्वनिरचनेपुढे शाहीन दस्तगीर शिकलगार यांचे नाव घालावे, व बास गिटार त्यांना द्यावी.

५. वरचे कलम काल लिहिले आणि मला हलके वाटले. त्या हलकेपणाचाच संशय आला. म्हणून आज सकाळी दुकानात जाऊन ते शाहीनला वाचून दाखवले. तिने हातातली कानस खाली ठेवली नाही.

“म्हणजे तुमी गेलात तर माझं नाव, आणि जगलात तर तुमचं?”

मी कागदाची घडी घातली.

“मग शुक्रवारी मी दुवा कशाची मागू, तेवढं सांगा.”

मी तिच्यासमोर बसून बेंगळुरूला फोन लावला. त्यांना लेखी हवे होते. तेही तिथूनच पाठवले. पृथ्वीराजला कळवणे भाग होते. तो ओरडला, “आरं, मुलाखतीत काय सांगितलंयस तू! आमी सगळीच खोटी पडू की! ऑपरेशन होऊ दे, मग बघू.” मी म्हणालो, मग बघायला मी असेन की नाही, म्हणूनच आत्ता. तो म्हणाला, “लय शहाणा हायस,” आणि फोन ठेवला. अजून उचलत नाही. आमची वीस वर्षांची मैत्री मी या कागदाने मोडली असेल, तर दोष माझा. कीर्तीने त्याच्याशी अबोला धरू नये.

दुपारी कंपनीकडून नवा मजकूर आला. शाहीनने तो तीनदा वाचला. ‘शिकलगार’मधला नेहमी सुटणारा ‘ल’ बोटाने तपासला.

६. सबब कलम ४ मधील नावासंबंधीची सूचना रद्द. मृत्यूची वाट न पाहता ती अमलात आली आहे.

७. बास गिटारीची देणगीही रद्द, पण माझ्या इच्छेने नाही. दुसरा साक्षीदार हवा होता. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष घालू नये, असे वकिलांचे मत. हे ऐकून शाहीन म्हणाली, “मग गिटार ऱ्हाऊ दे. घोडी काय, मी दुसरी करीन. सही कुठं करायची?” बास कीर्तीकडे राहील. तारा सैल कराव्यात. घोडीला हात लावू नये.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला, त्यांच्यासमोर सही केली, व त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण : मिरज
दिनांक : १३ नोव्हेंबर २०२४, बुधवार

(सही) भरतेश तात्यासाहेब मगदूम

साक्षीदार
१. (सही) आकाराम नाथाजी पवार, शिक्षक, सांगली
२. (सही) शाहीन दस्तगीर शिकलगार, मिरज. धंदा : जवारी काढणे